माउस आपोआप पळतोय? आधी काट्याची वायर काढून पाहा

प्रश्न वणीकडच्या एका जिनिंगवरून आला आहे. धर्मकाट्याच्या खोलीत कॉम्प्युटर आहे, त्याला इंडिकेटरची (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याची) वायर यूएसबी कन्व्हर्टरमधून (नऊ पिनची सिरियल वायर यूएसबीला लावून देणाऱ्या जोडणीतून) जोडली आहे. लाइन जाऊन आली की माउसचा बाण स्वतःच पळत सुटतो, कुठंही क्लिक करतो, मेनू उघडतो, आणि काट्याचं वजन सॉफ्टवेअरमध्ये येत नाही. माउस दोनदा बदलला, अँटिव्हायरस टाकला, ओळखीच्या पोरानं विंडोज फॉरमॅट करून दिली. चार दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. मग यूएसबी दुसऱ्या खाचेत लावून पाहिली तर पोर्टचा नंबर १७ आला आणि सॉफ्टवेअर ८००२ ची एरर देऊन बंद पडायला लागलं. जाता जाता पुतण्याचंही विचारलं आहे: त्याचा आर्डुइनो (प्रयोगांसाठीचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) उबुंटूच्या, म्हणजे लिनक्सच्या, लॅपटॉपवर दिसतच नाही.

भाऊ, हा व्हायरस नाही आणि माउसही खराब नाही. तुमचा कॉम्प्युटर काट्यालाच माउस समजतोय. ऐकायला गंमत वाटते, पण शब्दशः तेच होतंय.

खात्री करायला दहा सेकंद लागतात. पुढच्या वेळी बाण पळायला लागला की इंडिकेटरकडून येणारा नऊ पिनचा कनेक्टर कन्व्हर्टरमधून उपसा. यूएसबीला हात लावू नका, फक्त नऊ पिनवाला काढा. बाण जागच्या जागी थांबला तर दुखणं हेच. थांबला नाही तर मात्र खरोखर माउस, टचपॅड किंवा दुसरं काही पाहावं लागेल आणि खालचं सगळं तुमच्या कामाचं नाही.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते अमरावती जिल्ह्यातल्या एका जिनिंगवर, ऐन सीझनमध्ये. बाहेर रस्त्यापर्यंत टेम्पो आणि बंड्या लागलेल्या, आणि काट्यावरचा माणूस मला म्हणतो, “साहेब, माउसमंदी भूत शिरलं जी. हात नाई लावला तरी पावती काढते.” खरंच, माझ्यासमोर बाणानं सेव्हचं बटण दाबलं आणि एका रिकाम्या गाडीची पावती छापून निघाली. मीही तेव्हा शहाणपणा करून मशीन फॉरमॅट केलं होतं, एकदा नाही, दोनदा. पावत्यांचे नंबर पुन्हा एकपासून सुरू झाले आणि मुनीमजींनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

उलगडा झाला तो निव्वळ बसून पाहिल्यावर. काटा रिकामा असला की बाण हळूहळू सरकत स्क्रीनच्या एकाच कोपऱ्यात जाऊन चिकटायचा. टेम्पो प्लॅटफॉर्मवर चढायला लागला की उड्या मारायचा. गाडी स्थिर झाली की पुन्हा एका दिशेनं सरकायचा. म्हणजे बाण काट्यावरचं वजन ‘वाचत’ होता. आकडा तोच तोच येत असेल तर हालचाल तीच ती, आकडा बदलला की हालचाल बदलली. तुमच्याकडेही हे पाहून घ्या, दुसऱ्या कुठल्या चाचणीपेक्षा लवकर पटतं.

आता हे होतं कसं? पूर्वी माउस यूएसबीवर नव्हता, नऊ पिनच्या सिरियल पोर्टवर लागायचा. तो १२०० बॉडच्या (सेकंदाला १२०० बिटांच्या) वेगानं, सात बिटांत बोलायचा. कॉम्प्युटर पोर्टच्या दोन तारा वरखाली करून जणू हाक मारायचा आणि माउस उत्तरादाखल एम हे अक्षर पाठवायचा, की मी माउस आहे. तसले माउस आता भंगारातही सापडत नाहीत, पण विंडोजनं ती सवय सोडलेली नाही. मशीन सुरू होताना किंवा नवा सिरियल पोर्ट दिसला की ती आजही हाक मारते आणि कोणी उत्तर देतं का ते ऐकते.

तुमचा इंडिकेटर मात्र कोणाच्या हाकेची वाट पाहत नाही. बहुतेक धर्मकाट्यांचे इंडिकेटर सतत प्रक्षेपणावर ठेवलेले असतात, म्हणजे सेकंदात अनेकदा वजनाचा आकडा वायरवर फेकत राहतात, ऐकणारा असो वा नसो. शिवाय तो बोलतो बहुधा ९६०० च्या वेगानं. १२०० च्या हिशेबात एक बिट ८३३ मायक्रोसेकंदांचा, ९६०० च्या हिशेबात १०४ चा. विंडोज एक बिट ऐकते तेवढ्यात काट्याचे आठ निघून जातात. त्यामुळे तिला ऐकू येतो तो निव्वळ कचरा, आणि त्या कचऱ्यात माउसच्या ओळखीसारखं एखादं अक्षर निघालं की झालं. विंडोज म्हणते, अरे, हा तर मायक्रोसॉफ्टचा जुना बॉलपॉइंट माउस! लगेच त्याचा ड्रायव्हर चढतो, पोर्ट ताब्यात घेतो आणि वजनाच्या आकड्यांची हालचाल आणि क्लिक करत बसतो. पोर्ट त्याच्या ताब्यात असल्यामुळे काट्याच्या सॉफ्टवेअरला तो उघडता येत नाही. म्हणून दोन्ही तक्रारी एकदमच येतात, बाण पळतो आणि वजन येत नाही.

हे गाढवपण जुनंच आहे. विंडोज एनटी या जुन्या आवृत्तीच्या काळात याच हाकेनं सिरियलवर जोडलेले काही यूपीएस चक्क बंद पडायचे, म्हणून तेव्हा बूटच्या फाइलमध्ये ‘या पोर्टवर माउस शोधू नको’ असं सांगायची सोयच ठेवलेली होती. सिरियल जीपीएस लावणाऱ्यांनाही जगभर हाच त्रास होतो.

मग लाइन गेल्यावरच का? रोज सकाळी तुम्ही आधी कॉम्प्युटर लावता, चहा घेता, मग इंडिकेटरचं बटण दाबता. विंडोज हाक मारते तेव्हा वायर गप्प असते. लाइन जाऊन आली की दोन्ही एकदम सुरू होतात, आणि इंडिकेटर काही सेकंदांत तयार होऊन बडबडायला लागतो तेव्हा विंडोजची सुरुवात अजून चालूच असते. फॉरमॅटनंतर चार दिवस बरं का चाललं, याचं उत्तरही यातच आहे: त्या चार दिवसांत लाइन अडचणीच्या वेळी गेली नसेल.

आता उपाय. पहिली गोष्ट, डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारा तो बॉलपॉइंट काढू नका, बंद करा. अनइन्स्टॉल केलात तर पुढच्या वेळी विंडोज त्याला नव्यानं शोधून पुन्हा बसवेल. डिसेबल केलात तर ‘हा आहे, पण याला हात लावायचा नाही’ हे तिच्या लक्षात राहतं. बाण पळत असताना हे करणं म्हणजे धावत्या बंडीचं चाक बदलणं, म्हणून असं करा. कॉम्प्युटर बंद, इंडिकेटर चालू, वायर जोडलेली. आता कॉम्प्युटर लावा आणि बाणाला पळू द्या. पळायला लागला की नऊ पिनचा कनेक्टर उपसा. बाण शांत होईल, पण यादीत तो खोटा माउस तसाच राहील. (यूएसबी उपसलीत तर तो यादीतूनच जाईल, आणि तुम्ही डिसेबल कोणाला करणार?) मग विंडोजचं बटण आणि एक्स, त्यानंतर एम दाबलं की डिव्हाइस मॅनेजर उघडतो. विंडोज ७ असेल तर स्टार्टमध्ये डिव्हाइस मॅनेजर लिहून शोधा. ‘माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हाइसेस’ उघडा. तिथं तुमच्या खऱ्या माउसची ओळ असेल, ती बहुधा एचआयडी-कम्प्लायंट नावाची असते, आणि शेजारी ‘मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट’ किंवा नुसता सिरियल माउस. त्या दुसऱ्यावर राइट क्लिक आणि डिसेबल. चुकून खरा माउस बंद केलात तर घाबरू नका, कीबोर्डवरून टॅब आणि बाणांच्या कळांनी परत चालू करता येतो. मशीन रीस्टार्ट करा, कनेक्टर लावून.

एवढ्यानं बहुतेकांचं काम होतं. पण यात एक फट आहे. ही बंदी त्या एका पोर्टपुरती असते. उद्या कोणी कन्व्हर्टर दुसऱ्या खाचेत लावला तर विंडोजसाठी तो नवा पोर्ट, नवी हाक, नवा खोटा माउस. काट्याच्या खोलीत झाडू मारणाऱ्यापासून चार्जर लावणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे हात त्या खाचांना लागतात. म्हणून मी स्वतः जिथं जातो तिथं दुसरा उपायही करूनच येतो: सिरियल माउसचा ड्रायव्हरच बंद करायचा.

त्यासाठी रजिस्ट्री एडिटर (विंडोजच्या आतल्या नोंदी बदलायचं साधन) उघडा. लोकल मशीन, त्यात सिस्टिम, त्यात करंट कंट्रोल सेट, त्यात सर्व्हिसेस, आणि सर्व्हिसेसच्या लांबलचक यादीत ‘सरमाउस’ (sermouse) नावाची की, म्हणजे नोंदीचा कप्पा. आधी त्या कीवर राइट क्लिक करून एक्स्पोर्टनं प्रत काढून ठेवा. मग उजवीकडे ‘स्टार्ट’ नावाची किंमत ३ असेल, ती ४ करा. तीन म्हणजे लागेल तेव्हा सुरू कर, चार म्हणजे कधीच नको. रीस्टार्ट. यूएसबी माउसचा आणि जुन्या गोल पिनच्या माउसचा ड्रायव्हर वेगळा असतो, त्यांना काही होत नाही. यानंतर यादीत त्या बॉलपॉइंटवर पिवळं चिन्ह आणि कोड ३२ दिसू शकतो. दिसू द्या. त्याचा अर्थ एवढाच की ड्रायव्हर बंद आहे, आणि आपल्याला तेच हवं आहे. पिवळं चिन्ह पाहून कोणी हौशी माणूस ‘अपडेट ड्रायव्हर’ करत बसणार नाही एवढं पाहा. विंडोजचं मोठं अपडेट झालं की ही किंमत एकदा पुन्हा तपासायची सवय ठेवा.

कन्व्हर्टर एफटीडीआय कंपनीच्या चिपचा असेल तर त्याहूनही सोपं आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्स, तुमचा कॉम पोर्ट (विंडोज सिरियल पोर्टला कॉम म्हणते), प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड. तिथं ‘सिरियल एन्युमरेटर’ नावाचा चौकोन असतो, त्यातली खूण काढा. हाक मारणंच बंद. सीएच३४० किंवा पीएल२३०३ या दुसऱ्या चिपांच्या कन्व्हर्टरना ही सोय माझ्या पाहण्यात नाही, तिथं रजिस्ट्रीच.

आता तुमचा १७ नंबर आणि ८००२ ची एरर. हे वेगळं दुखणं आहे, पण त्याच घरातलं. विंडोज दर नव्या सिरियल पोर्टला एक नंबर देते आणि तो राखून ठेवते, कन्व्हर्टर काढून फेकला तरी. ज्या कन्व्हर्टरच्या चिपमध्ये स्वतःचा सिरियल नंबर असतो तो कुठल्याही खाचेत लावला तरी ओळखला जातो आणि जुनाच कॉम नंबर मिळवतो. स्वस्तातल्या सीएच३४० मध्ये असा नंबर सहसा नसतो, त्यामुळे विंडोज त्याला खाचेवरून ओळखते. खाच बदलली की नवा माणूस, नवा नंबर. दोन-तीन कन्व्हर्टर आणि चार खाचा झाल्या की बघता बघता १७ येतो. आणि काट्यांची बरीच सॉफ्टवेअर अजून व्हीबी ६ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली आहेत. त्यातला सिरियलचा भाग १ ते १६ एवढेच नंबर मान्य करतो. १७ दिला की ८००२, म्हणजे पोर्ट नंबर चुकीचा. (८००५ आली असती तर पोर्ट आधीच दुसऱ्या कोणी उघडलेला आहे असा अर्थ, आणि तुमच्या बाबतीत तो दुसरा कोणी खोटा माउसही असू शकतो.)

यावर सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून उपयोग नाही, तो तारीख देईल. नंबर आपणच खाली आणू. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वर ‘व्ह्यू’ आहे, त्यात ‘शो हिडन डिव्हाइसेस’. आता पोर्ट्समध्ये फिकट रंगाच्या ओळी दिसतील. हे सगळे गेलेले कन्व्हर्टर, नंबर अडवून बसलेले. एकेक फिकट ओळ निवडून अनइन्स्टॉल करा. इथं अनइन्स्टॉलच करायचं, डिसेबल नाही. ब्लूटूथच्या नावाचे पोर्ट असतील तर त्यांना सोडा. मग तुमच्या जिवंत कन्व्हर्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये, पोर्ट सेटिंग्जमध्ये, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन कॉम नंबर ३ किंवा ४ निवडा. १ आणि २ मदरबोर्डच्या स्वतःच्या पोर्टसाठी सोडलेले बरे. ‘इन यूज’ लिहिलेलं असलं आणि फिकट ओळी आपण काढल्या असल्या तर तो शिल्लक राहिलेला हिशेब आहे, हो म्हणा. त्याच ठिकाणी पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असेल तर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देण्याची खूण काढून टाका. दुपारी दोन तास काटा रिकामा राहिला आणि नंतर वजन आलं नाही, अशा तक्रारी याच खुणेच्या असतात.

खाच पक्की करायला माझा उपाय म्हणजे नेलपॉलिश. खाचेवर एक ठिपका, कन्व्हर्टरवर तसाच ठिपका, आणि भिंतीवर खडूनं ‘काटा - कॉम ३ - ९६००’. एका दूध संकलन केंद्रावर एकाच बनावटीचे दोन कन्व्हर्टर होते, एक वजनाचा, एक फॅट मशीनचा. साफसफाईत दोन्ही एकमेकांच्या जागी गेले, आणि सकाळच्या पाळीला लिटरच्या जागी भलतंच काही यायला लागलं. गवळ्यांची रांग, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच बुडवलं. तेव्हापासून लाल आणि निळा ठिपका.

जमलं तर कन्व्हर्टरच टाळा. तुमचा डेस्कटॉप असेल तर बऱ्याच मदरबोर्डवर आत कॉमचे दहा पिनांचे दाते असतात, बाहेर फक्त पट्टी काढलेली नसते. ती पट्टी बाजारात मिळते. घेताना एकच लक्षात ठेवा, तिच्या तारांची जोडणी दोन प्रकारची येते. चुकीची लागली तर पोर्ट दिसेल, पण काटा बोलणार नाही. मीटरनं आतल्या दात्यांपासून बाहेरच्या २, ३ आणि ५ नंबरच्या पिनपर्यंत तपासून घ्या. सरमाउसचा उपाय तिथंही करायलाच लागतो, खोटा माउस काही यूएसबीचीच मक्तेदारी नाही.

इंडिकेटरच्या बाजूनंही एक मार्ग आहे. काही इंडिकेटरच्या मेनूत सतत प्रक्षेपणाऐवजी ‘मागितल्यावरच आकडा दे’ अशी पद्धत निवडता येते. तसं केलं तर सुरुवातीला वायर गप्प राहते आणि रोगच होत नाही. पण तुमचं सॉफ्टवेअर आकडा मागायला शिकलेलं हवं, बहुतेक शिकलेली नसतात. आणि त्या मेनूपर्यंत पोचायला सील तोडावं लागत असेल तर अजिबात हात लावू नका. धर्मकाट्याचं मुद्रांकन दर १२ महिन्यांनी वैधमापन खात्याकडून होतं, आणि सील तुटलेला काटा म्हणजे कास्तकाराशी वाद आणि वर दंड. ते काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं.

तोपर्यंत निदान एवढं करा: इंडिकेटरला वेगळं बटण ठेवा आणि लाइन आली की डेस्कटॉप पूर्ण उघडेपर्यंत ते दाबू नका. कॉम्प्युटरला यूपीएस असेल आणि त्याची बॅटरी अजून जिवंत असेल तर प्रश्नच येत नाही, पण आपल्याकडच्या काट्याच्या खोल्यांतल्या यूपीएसची बॅटरी मी अजून जिवंत पाहिलेली नाही.

पुतण्याचं दुखणं याचाच चुलत भाऊ आहे. उबुंटू २२.०४ मध्ये अंधांसाठीच्या ब्रेल यंत्राचा बीआरएलटीटीवाय (brltty) नावाचा प्रोग्राम आधीच बसवलेला येतो. एका ब्रेल यंत्रातही हीच सीएच३४० चिप असते, त्यामुळे स्वस्तातला आर्डुइनो लावला की हा प्रोग्राम म्हणतो, हे ब्रेल यंत्र माझं, आणि पोर्ट ओढून घेतो. लावल्यावर टीटीवाययूएसबी० (उबुंटूमधलं त्या पोर्टचं नाव) क्षणभर दिसतो आणि गायब होतो. घरात कोणी ब्रेल यंत्र वापरत नसेल तर टर्मिनलमध्ये सुडो ॲप्ट रिमूव्ह आणि पुढे त्या प्रोग्रामचं नाव, एवढं केलं की बोर्ड काढून परत लावायचा. दिसला, पण उघडत नाही असं झालं तर त्याच्या युजरला डायलआउट (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) गटात घालायचं राहिलं आहे.

तुम्ही आधी सरमाउस ४ करा, मग नंबर खाली आणा, मग मुद्दाम मेन स्विच पाडून दोन्ही एकदम सुरू होऊ द्या. तरीही बाण हलला तर डिव्हाइस मॅनेजरचा फोटो काढून पाठवा, माइस आणि पोर्ट्स या दोन्ही ओळी उघडलेल्या असू द्या, आणि कन्व्हर्टरच्या पाठीवर काय छापलंय तेही.